हातचा विसरणारी पोरं आणि साडेअकराची खिचडी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या पानावर प्राथमिक शाळेतल्या मुलांविषयी लागोपाठ दोन-तीन पत्रं वाचली. मुलांचं लक्ष टिकत नाही, पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, संयम म्हणून काही उरलेला नाही आणि याला मोबाईल व घरचे संस्कार कारणीभूत आहेत, असा सगळ्यांचा सूर होता. एका पत्रात तर शाळेत रोज दहा मिनिटं ध्यान सक्तीचं करावं अशी मागणी होती. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग शिकवले, 2024 च्या मे महिन्यात निवृत्त झाले, आणि इतक्या वर्षांत मला जे रोज दिसलं ते या पत्रांत कुठंच सापडलं नाही. लक्ष नसलेल्या पोराला, बाबा रे, सकाळी काय खाऊन आलास, एवढं कुणीच विचारलेलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या सात वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं.

2000 सालची गोष्ट आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली दोनशिक्षकी शाळा. दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. पाटीवरची पेन्सिल लिहायला कमी आणि खायला जास्त. भिंतीचा पोपडा नखानं उचकटून हळूच तोंडात टाकायचा. बेरीज शिकवताना फळ्यावर अठ्ठावीस अधिक सदतीस मांडलं की तोंडी बरोबर सांगायचा: आठ आणि सात पंधरा, पाच लिहायचे, हातचा एक. आणि पाटीवर लिहायचा पंचावन्न. रोज तेच. हातचा कुठं गेला रे, म्हटलं की माझ्या तोंडाकडं बघत राहायचा. एके दिवशी एका मुलीच्या फडक्यातली अर्धी भाकरी गेली. ठेच्याचा लाल डाग ह्याच्या सदऱ्यावर होता. मी त्याला दाराबाहेर उभं केलं, आईला बोलावणं धाडलं आणि सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात माझ्या हातानं लिहिलं, 'चंचल. अभ्यासात लक्ष नाही. सवयी सुधाराव्यात.'

आई तिसऱ्या दिवशी आली. हातात खुरपं तसंच होतं, रोज बुडवून आली होती. मी बोलत राहिले, ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई, रातच्याला आठाला जेवतंय. सकाळी पाचाला मी रानात जाते. चहा ठिवून जाते त्याच्यासाठी. मग मी आल्यावर सांजच्यालाच." मी मनातल्या मनात तास मोजले. रात्री आठ ते दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. मधे कपभर कोरा चहा. एवढ्या वेळात त्या सात वर्षांच्या पोरानं माझ्यापुढं बसून पाढे म्हणावेत, हातचा लक्षात ठेवावा, शेजारणीच्या भाकरीचा वास येत असताना हात आवरावा, अशी माझी अपेक्षा होती. आणि तो आवरत होताच की, महोदय. जूनपासून दिवाळीपर्यंत त्यानं आवरला होता. एक दिवस आवरला नाही, तो मी प्रगतिपुस्तकात लिहून ठेवला.

त्या वेळी शाळेत शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची पोषण योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडं 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ घरी दिले जायचे. पिशव्या घेऊन पोरं रांगेत उभी राहायची. त्याचाही उपयोग झाला, पट वाढला. पण घरात सात तोंडं असली की 3 किलो तांदूळ चार दिवसांत सगळ्यांच्या पोटात जाणार. त्यातले त्या पोराच्या वाट्याला किती येणार? 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर, शाळेत शिजवलेलंच अन्न द्या, त्यात किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं असू द्या, वर्षातले किमान 200 दिवस द्या, असा आदेश दिला. त्यानंतर यथावकाश आमच्या शाळेच्या वळचणीला तीन दगडांची चूल पेटली. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगते, खिचडीचं पातेलं चुलीवर चढल्यावर वर्गात जो बदल झाला तो कुठल्याही प्रशिक्षणानं मला करता आला नव्हता.

आता हातच्याविषयी थोडं. बेरजेतला हातचा म्हणजे नेमकं काय असतं? एक आकडा डोक्यात धरून ठेवायचा, तेवढ्यात दुसरंच काम करायचं, आणि ते संपल्यावर धरून ठेवलेला आकडा परत वापरायचा. वाचनातही हेच. 'वडाच्या पारावर' वाचताना 'पारावर' येईपर्यंत 'वडाच्या' धरून ठेवावं लागतं. मधली सुट्टी व्हायला अजून वेळ आहे, तोवर बोलायचं नाही, हेही धरून ठेवणंच. ज्याला आपण लक्ष म्हणतो आणि ज्याला संयम म्हणतो, ती मला वर्गात कधीच वेगळी दिसली नाहीत. दोन्ही एकाच गाठोड्यातली. आणि हे गाठोडं उचलायला ताकद लागते, अगदी शब्दशः. मोठ्या माणसाचा मेंदू वजनानं शरीराच्या 2 टक्के, पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली पाचव्या हिश्श्याएवढी एकटा घेतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू तर निम्म्याहून जास्त घेतो. म्हणजे आयुष्यातल्या ज्या वयात मेंदूची भूक सगळ्यात मोठी असते, त्याच वयात आम्ही पोरांना पहिलीत बसवतो आणि दुपारी दीडपर्यंत काही खायला देत नाही.

दीड म्हणायचं कारण, बहुतेक शाळांत खिचडी मधल्या सुट्टीत असते आणि मधली सुट्टी एक-दीडला. भाषा, गणित सगळं आधीच उरकलेलं. 'अवघड विषय सकाळी, डोकं ताजं असतं' असं आम्हाला डी.एड.ला शिकवलेलं. ते खरंच आहे, पण न्याहारी करून आलेल्या पोराचं. माझ्या शेवटच्या शाळेत मी एकदा वर्गात सहज विचारलं, आज सकाळी कोण काय खाऊन आलं? तिसरीच्या वर्गात त्या दिवशी सव्वीस मुलं हजर होती. अकरा जण निव्वळ चहावर आलेले. चार जणांनी पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा वाटेत खाल्लेला. बाकीच्यांत रात्रीची भाकरी कुस्करून, दूध-भाकरी, चहा-चपाती. ही अकरा पोरं कोणती हे मला हात वर होण्याआधीच माहीत होतं. माझ्या डोक्यात 'चुळबुळी' म्हणून ज्यांची नावं होती, त्यातले बहुतेक सगळे.

घरी गरिबी होती म्हणूनच, असंही नाही. दोन घरं चांगली दहा एकरवाली होती. पण कापूस वेचायचे दिवस असले की आई पहाटेच रानात, म्हातारीला चुलीपुढं बसवत नाही, आणि चहा-बटर म्हणजे न्याहारी झाली अशी घराघरांत समजूत. आमच्या लहानपणी हुलग्याचं माडगं असायचं, शेंगुळे असायचे, काही नाही तर शिळी भाकरी, कांदा आणि शेंगादाण्याची चटणी. बाजरीच्या भाकरीत लोह आहे, शेंगादाण्यात प्रथिनं आहेत. हे सोडून पोरांच्या हातात काय आलं हे लिहायला मला वाईट वाटतं. चहा तर दुहेरी घात करतो. भूक मारतो, आणि जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला. दोन गोष्टी ठरल्या. एक, खिचडी साडेअकराला. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, मला तासभर आधी यावं लागेल, येते. केंद्रप्रमुखांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण परिसरातल्या गरजेप्रमाणे वेळ बदलायला हरकत नाही म्हणाले. दुसरी गोष्ट, परिपाठ झाला की प्रत्येकाला मूठभर भाजलेले शेंगादाणे आणि गुळाचा खडा. गावातल्या सहा-सात घरांनी शेंगा दिल्या, किराणा दुकानदारानं गुळाची ढेप दिली. पंचवीस ग्रॅम शेंगादाण्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्याइतकी. खर्च तीन-चार रुपये.

इथं मला जे दिसलं ते जरा सविस्तर सांगते, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यावरच आहे.

पहिले चार-पाच दिवस एक गोंधळ. रांग मोडायची. ढकलाढकली, पायावर पाय, 'बाई मला नाही, बाई मला नाही'. दाणे हातात पडले की काही जण खायचेच नाहीत, खिशात कोंबायचे. एका मुलीनं फ्रॉकच्या घेरात गाठ मारून ठेवले होते. अंगणवाडीत जाणाऱ्या भावासाठी. एक मुलगा दोनदा रांगेत यायचा, दुसऱ्यांदा टोपी काढून. मी रागावले नाही, फक्त रोज सांगत राहिले, उद्या पण आहेत, परवा पण आहेत. कुणाचा विश्वास बसला नाही. मोठी माणसं 'उद्या देतो' म्हणतात म्हणजे काय, हे या पोरांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. ऊसतोडीचा मुकादम उचल देतो म्हणतो, बाप यात्रेत घेऊन जातो म्हणतो.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी रांग आपोआप सरळ झाली. मी काहीच शिकवलं नव्हतं. हाताची घडी, तोंडावर बोट, यातलं काही केलं नव्हतं. रोज दहा वीसला दाणे मिळतात हे त्यांना पटलं होतं, इतकंच. टोपीवाला मुलगा आता शेवटी उभा राहून डबा धरायला मागायचा, वाटायला मदत करायचा. खिशात कोंबणं थांबलं. भावासाठी नेणाऱ्या मुलीला मी एक जादा मूठ कागदात बांधून द्यायला लागले, तेव्हा ती स्वतःचे दाणे खायला लागली. आणि गणिताचा तास मी खिचडीनंतर घेतला, बारा ते एक. हातच्याची बेरीज त्या वर्गाची त्याच महिन्यात बसली. सगळ्यांचीच नाही. तिघं मागं राहिले, त्यांचं कारण वेगळं होतं, एकाला फळ्यावरचं नीट दिसतच नव्हतं. पण अकरातल्या आठ जणांची बसली.

मग फेब्रुवारीत धान्याचा पुरवठा अडकला. तांदूळ आला नाही. आज येईल, उद्या येईल, करत तीन आठवडे गेले. कुणाकडून राहिलं ते मी इथं लिहीत नाही, मला कुणाला दोष लावायचा नाही. आधीची शिल्लक संपली, उसनवारीवर चार दिवस काढले, मग पातेलं पालथं. शेंगाही तोवर संपत आल्या होत्या, एक दिवसाआड द्यायला लागलो. आणि दाण्याची रांग पुन्हा मोडली, त्याच आठवड्यात. तीच पोरं, तेच संस्कार, तीच बाई. टोपीवाला पुन्हा दोनदा यायला लागला. मला त्या दिवशी खूप कळलं, जे एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आम्हाला एका प्रशिक्षणात साधनव्यक्तींनी अमेरिकेतला तो प्रसिद्ध प्रयोग सांगितला होता. अनेक वाचकांना माहीत असेल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेला. मुलापुढं एक गोड खाऊ ठेवायचा, आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. जी मुलं थांबली ती पुढं शिक्षणात सरस ठरली, म्हणून मुलांना संयम शिकवा, असं तात्पर्य आम्हाला सांगण्यात आलं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि पालकसभेत दोनदा सांगितलंही होतं. माझी मुलगी पुण्यात मानसशास्त्र शिकली. पुढची गोष्ट तिनं सांगितली. 2018 मध्ये याच प्रकारच्या चाचणीची मोठी फेरतपासणी झाली, नऊशेच्या आसपास मुलांवर. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण असं सगळं हिशेबात धरल्यावर त्या थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध फारच क्षीण उरला. त्याआधी 2013 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्टी किड यांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली होती. खाऊ ठेवण्याआधी मुलांना चित्रासाठी चांगले रंग आणून देतो असं सांगितलं. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले. निम्म्यांना, माफ कर, नाही मिळाले, असं सांगितलं. मग खाऊची चाचणी. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटांच्या आसपास थांबली. ज्यांना फसवलं ती तीन मिनिटांच्या आसपास.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं फेब्रुवारीतली आमची रांग होती. तीन मिनिटांत खाणारं पोर मूर्ख नव्हतं, संस्कारहीन तर मुळीच नव्हतं. शब्द पाळला जात नाही अशा जगात हातातलं खाऊन टाकणं हाच शहाणपणा आहे. म्हणून मला इतकंच म्हणायचं आहे की प्राथमिक शाळेतल्या पोराकडून संयमाची अपेक्षा करण्याआधी मोठ्यांनी त्याच्या पोटाबाबत दिलेला शब्द रोज, वेळेवर पाळला पाहिजे. पोषण आहार म्हणजे नुसत्या कॅलरी नाहीत. तो सरकारनं पोराला दिलेला शब्द आहे, आणि पोरं तो घड्याळ बघून मोजतात.

हे आपल्या मातीत कुणाला कळलं नव्हतं असंही नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आधी राहण्या-जेवणाची सोय, मग सक्ती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात दाणा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. पोरांनी एक दिवस उपाशी राहून अभ्यास करावा असं त्या माउलीला वाटलं नाही.

आता रक्ताविषयी, कारण पेन्सिल खाणारा मुलगा मी विसरलेली नाही. पुष्कळ वर्षांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, माती, खडू, पेन्सिल खाणं हे बहुतेकदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय निघाला. शंभरातली एकोणसत्तर. हीच मुलं पुढं पहिलीत येतात. लोह कमी असलेलं पोर लवकर दमतं, चिडचिडं होतं, त्याचं ध्यान सुटतं. त्याला आम्ही आळशी म्हणतो. शासनाकडून पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला एक गुलाबी गोळी येते, 45 मिलिग्रॅम लोहाची, फॉलिक अॅसिडसह. जंताची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. योजना उत्तम आहे. पण मी अशा शाळा पाहिल्या आहेत जिथं सोमवारी परिपाठालाच गोळी वाटून मोकळे होतात. उपाशीपोटी लोहाची गोळी घेतली की मळमळतं, पोटात दुखतं. दोन पोरं उलटी करतात, गावात बोभाटा होतो, आया सांगतात बाई आमच्या पोराला देऊ नका. जेवणानंतर दिली, मावशींनी त्या दिवशी खिचडीवर लिंबू पिळलं, की काही होत नाही आणि लोहही नीट लागतं. सहकारी शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, एवढं तरी करा.

अंड्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनानं आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. माझ्या नोकरीतले ते शेवटचे काही महिने. आमच्याकडं अंडं बुधवारी असायचं. बुधवारची हजेरी बघायची होती तुम्ही. पहिलीतली एक मुलगी आधी सगळा पांढरा भाग खायची, पिवळं तळहातावर घेऊन बसायची आणि मग डोळे मिटून एकदम तोंडात टाकायची. दर बुधवारी असंच. जानेवारी 2025 मध्ये शासनानं यासाठीचा निधी थांबवला, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितलं. आमच्या गावात लोकवर्गणीतून शेंगा जमल्या हे मीच वर लिहिलं आहे, पण ज्या गावची निम्मी घरं ऑक्टोबरात कुलूप लावून ऊसतोडीला जातात तिथं वर्गणी कोण कुणाकडं मागणार? मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या एका मुलामागं डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला, सरपण मिळून दिवसाला 6 रुपये 78 पैसे धरलेले आहेत. बाजारात एका अंड्याला जवळपास तेवढेच पडतात. त्या 6 रुपये 78 पैशांत 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी बसवायची आणि वर 100 ग्रॅम तांदूळ, मिळून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं झाली पाहिजेत. कागदावर होतात. पण त्यातली निम्म्याहून जास्त प्रथिनं तांदळाचीच असतात, डाळ जरा पातळ झाली की हिशेब कोसळतो. आणि हे सगळं रांधणाऱ्या मावशींना केंद्राच्या निकषानं 2009 पासून महिना 1,000 रुपये, राज्यानं भर घातल्यावर 2,500, तेही वर्षातले दहा महिने. माझ्या शब्दाखातर तासभर आधी येणाऱ्या त्या बाईला मी काय देऊ शकले? दिवाळीला एक लुगडं.

ऊसतोडीचं वेगळं सांगते. आमच्या तालुक्यातून दसरा झाला की कोयते निघतात. टायरगाड्या भरतात, पोरंही चढतात. जी आजीजवळ मागं राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, जिथं नीट चालतात तिथं पोरांची अंगं भरतात हे मी पाहिलं आहे. पण पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात, जी पोरं फडावरून परत येतात ती ओळखू येत नाहीत. केस पिंगट, पाय फुटलेले, आणि वर्गात बसल्यावर पाच मिनिटांत उठून दाराकडं जातात. पाच-सहा महिने कुणी एका जागी बसवलेलं नसतं, वेळेवर जेवण नसतं. त्यांना संयम शिकवायला माझ्याकडं एप्रिलचे चार आठवडे असायचे आणि तेव्हा नेमकी सकाळची शाळा. सातला शाळा म्हणजे तर चहासुद्धा नाही. एप्रिल 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही हा आहार द्यावा असं सांगितलेलं आहे. आमच्या भागात दुष्काळ नवा नाही.

मोबाईलचं म्हणणं मी खोडून काढत नाही. रात्री अकरापर्यंत पडद्यात डोकं घालून बसलेलं पोर सकाळी पेंगतं, हे खरंच आहे, आणि त्यावर पालकांशी बोललंच पाहिजे. ध्यानालाही माझी हरकत नाही. पण उपाशी पोराला डोळे मिटून शांत बसवलं तर त्याला काय दिसतं, हे ध्यानाची मागणी करणाऱ्या गृहस्थांनी एकदा जवळ बसून विचारावं. आमच्या शाळेत एक संस्था आली होती असं करायला. मी एका मुलीला विचारलं, डोळे मिटल्यावर काय दिसलं ग? म्हणाली, बाई, पातेलं.

तमिळनाडूनं 15 सप्टेंबर 2022 ला मदुराईत सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी सकाळची न्याहारी सुरू केली आणि ऑगस्ट 2023 मध्ये ती राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना लागू केली. उपमा, पोंगल, खिचडी, सांबार. दुपारचं जेवण आहेच, हे त्याशिवाय. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लिहिलेलं आहे की पौष्टिक न्याहारीनंतरचे सकाळचे तास अवघड विषयांच्या अभ्यासाला विशेष फलदायी ठरू शकतात, म्हणून साधी पण सकस न्याहारी द्यावी. महाराष्ट्रानं फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, मुलांची झोप व्हावी म्हणून. झोपेचा विचार झाला तसा न्याहारीचाही व्हावा. सगळ्या राज्यात एकदम जमत नसेल तर ज्या तालुक्यांतून ऊसतोडीला, वीटभट्टीला माणसं जातात तिथून सुरू करावं. पहिली ते चौथीपुरतं करावं. शेंगादाणे, गूळ, फुटाणे, भिजवलेली मटकी, नाचणीची पेज, काहीही चालेल. चूल पेटवायचीही गरज नाही.

आणि जिल्हा प्रशासनाकडं मागणी आहे ती धान्याच्या तारखेची. प्रत्येक शाळेत निदान पंधरा दिवसांचा तांदूळ आणि डाळ शिल्लक असल्याशिवाय महिना संपता कामा नये, आणि ज्या शाळेत चूल बंद राहिली तिथली तारीख, दिवसांची संख्या आणि कारण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं जावं. आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांनी दर महिन्याला बंद चुलींची यादी छापली तर शिक्षणाविषयीची ती मोठी बातमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

मी अजून आठवड्यातले दोन दिवस गावच्या शाळेत जाते. गेल्या गुरुवारी दुसरीत नवीन आलेला एक मुलगा खडू चघळताना दिसला. त्याला घेऊन उद्या आरोग्य केंद्रात जायचं आहे, डॉक्टर बाई दहाला येतात. त्याच्या आईला सांगून ठेवलं आहे, त्याला भाकरी खाऊ घालूनच पाठव.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
पाटोदा तालुका, जि. बीड